साडूभाऊंचं मानधन

शरमेला कोट-टाय चढवून चारचौघांत ऐटीत फिरवून आणणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला, आणि ते माझे थोरले साडू निघाले. साडू काही निवडता येत नाही. तो बायकोबरोबर आपोआप येतो आणि लग्नाच्या पंगतीपासून आपल्या शेजारी बसून तुलना करून घेतो. आमच्या तुलनेत बरीच वर्षं ते पुढे होते. ड्रेस्डेनमध्ये इंजिनिअर, अंगावर कायम कोट, आणि घरात लॅमिनेशनचं यंत्र. हाती येणारा प्रत्येक कागद ते प्लास्टिकमध्ये बंद करत. पदव्या, लसीकरणाचे दाखले, ट्रामचं वेळापत्रकसुद्धा. वेळापत्रक बदललं तरी जुनं फेकवत नसे. "चांगलं लॅमिनेट केलंय हो," म्हणत. दुसरी खोड नामकरणाची. कोणाची जुनी खुर्ची घरी आणली की ती 'अँटिक' होई. त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा त्यांनी "मी कंपनीला निरोप दिला" असं कळवलं होतं.

त्यानंतर मिळालेल्या अर्ध्या पगारात भाडं भागेना. अशा वेळी जर्मन सरकार दरमहा भाड्याला थोडा हातभार लावतं, त्याला वोनगेल्ड म्हणतात. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी ते घेत आणि हवापाण्याच्या गप्पांइतक्या सहज सांगत. साडूभाऊंनी मात्र त्याचं नाव 'मानधन' ठेवलं. "आल्झो, म्हणजे असं बघा, इतकी वर्षं कर भरला. सरकारने जाण ठेवली, बस," ते म्हणाले. पण तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या मानधनाचा शब्द काढायचा नाही, अशी ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, सक्त ताकीद होती. सरकारने केलेला गौरव इतका झाकून ठेवणारा सत्कारमूर्ती मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांना र्युसेल्सहाइमला गोदामात सुटे भाग तपासण्याची नोकरी लागली (त्यांच्या भाषेत 'सल्लागारपद'), आणि मानधनाची पंचाईत झाली. जुनं घर सोडलं की वोनगेल्ड तिथेच संपतं. नव्या गावात नवं घर, मग नवा अर्ज. शिवाय परवडणारं घर हवं, तर आपलं उत्पन्न कमी असल्याचा सरकारी दाखला लागतो. सगळे त्याला नुसतं शाइन म्हणतात. साडूभाऊंकडे ड्रेस्डेनचा शाइन होता, अर्थातच लॅमिनेट केलेला. नव्या गावातल्या बाईंनी तो उलटसुलट करून परत दिला. हा ड्रेस्डेनकडच्या झाक्सन राज्याचा, हे हेस्सेन राज्य, इथला नवा काढा.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अहो, राज्य बदललं म्हणून माणसाची गरिबी बदलते का?"

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनीही बहुधा. लगेच दुरुस्ती करत ते म्हणाले, "म्हणजे, पात्रता."

नवा शाइन मिळाला. ड्रेस्डेनचं घर महिनाअखेर सोडायचं होतं, दुसरं कुठलं जमलं नव्हतं, म्हणून र्युसेल्सहाइमला एक घर बघायला ते आणि ताई आले. मीही जर्मनीतच, हेर्त्सोगेनआउराखला राहतो, तिथून सोबतीला गेलो. इमारतीच्या दाराशी रांग होती. आमच्या मागून एक मुलगी नवऱ्याला म्हणाली, "अरे, छत्री बसमध्येच राहिली!" परदेशात मराठी कानावर पडलं की साडूभाऊंना वळल्याशिवाय राहवत नाही. ते वळले. इथेच चुकलं.

"वा! कुठले तुम्ही?"

"साताऱ्याचे, काका. तुम्ही घर बघायला आलात?"

रांग शाइनवाल्यांचीच, हे साडूभाऊंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी क्षणात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छे छे! हे माझे साडू. यांची जरा ओढाताण चालू आहे. यांच्यासाठी आलोय."

मुलीने माझ्याकडे कणवेने पाहिलं. "होईल हो सगळं नीट, काका."

माझे कान तापले. कोपऱ्यावर माझी नवी गाडी उभी होती. तिच्याकडे नजर जाऊ नये म्हणून मी समोरचं झाड पाहत राहिलो. दोन मिनिटांच्या उसन्या गरिबीने माझी ही गत, तर हा माणूस ती रोज कोटाखाली घालून कसा हिंडत असेल? तिचा नवरा घाईने म्हणाला, "आम्हीपण एका मित्रासाठीच आलोय," आणि हातातली फाइल त्याने जॅकेटच्या आत सरकवली.

तेवढ्यात गृहसंस्थेच्या बाई दारात आल्या. ज्यांच्याकडे शाइन असेल त्यांनीच वर यावं, हात वर करून दाखवावा. पुढच्या लोकांनी खुशाल कागद उंचावले आणि ते आत गेले. "आणखी कोणी?" बाईंनी विचारलं. आम्ही मराठी मंडळी आपापले बूट न्याहाळत होतो. बाई दार ओढून घेऊ लागल्या.

"अहो, काढा तो कागद," ताई म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. "इथे तुमचा मान राहायला येणार नाहीये. मी येणार आहे."

साडूभाऊंनी कोटाच्या आतल्या खिशातून शाइन काढला. तोही त्यांनी लॅमिनेट केलेलाच होता. हात वर गेला तसा तो उन्हात असा लखलखला, की रस्त्यापलीकडच्यांनाही दिसावा. साडूभाऊंची मान मात्र खाली होती. आमच्या मागे हळूच जॅकेटची चेन उघडल्याचा आवाज आला.

घर मिळालं. वरच्या मजल्यावर सातारकरांनाही मिळालं. नवा अर्ज करून वोनगेल्डही सुरू झालं. सत्यनारायणाला साडूभाऊ पाहुण्यांना सांगत होते, "गेलो होतो आमच्या साडूंसाठी घर बघायला. त्यांना नाही पसंत पडलं, हिला पडलं!"

"हो ना, आम्ही होतो की तिथे," सातारकर मुलगी म्हणाली आणि प्रसादाच्या वाटीत बघत राहिली.

अजूनही चार माणसं जमली की साडूभाऊ मला मोठ्याने विचारतात, "काय, तुमच्या घराचं जमलं का कुठे?"

"शोधतोय, साडूभाऊ," मी सांगतो.

मग ते जवळ येतात, पाठीवर हात ठेवतात आणि फक्त मलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मिळेल. त्यात लाजण्यासारखं काही नसतं हो."