अक्काला न सांगितलेलं दुखणं

माझी थोरली बहीण पाटसजवळच्या एका वस्तीवर दिलेली. घराला लागूनच तिचा टोमॅटोचा प्लॉट. मी गेलो की अक्का तव्यावर टोमॅटो भाजून, लसूण-मिरची घालून चटणी रगडायची आणि नको म्हटलं तरी दोनदा वाढायची.

चाळिशीच्या आतच माझं पोट बिघडलं. रांजणगावला कंपनीत शिफ्टची नोकरी, कारेगावात खोली. जेवलो की कळ यायची आणि संडासला पळावं लागायचं. शिरूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आयबीएस सांगितलं. "आतड्याला जखम नाही, पण ते चटकन बिथरतं. कशानं त्रास होतो ते तुम्हीच बघा." माझ्या बाबतीत टोमॅटो निघाला.

हे अक्काला सांगायची मला लाज वाटली. त्या भाऊबीजेला तिनं चटणी वाढली, मी खाल्ली. परतीच्या एसटीत न्हावऱ्याच्या अलीकडं कंडक्टरच्या विनवण्या करून गाडी थांबवली आणि उसात पळालो. परत चढलो तेव्हा सगळी गाडी माझ्याकडं बघत होती.

पुढच्या वर्षी मी चटणी बाजूला सारली. भूक नाही म्हणालो.

"आमच्या हातचं ग्वाड लागत न्हाई व्हय आता?" अक्का म्हणाली.

मी हसून वेळ मारून नेली. नंतरच्या तीन भाऊबीजा ड्यूटीचं कारण सांगून टाळल्या. तिचेही फोन कमी होत गेले.

मग एक दिवस भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं लिव्हर खराब झालंय. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. येऊन जा."

अक्का खाटेवर होती, निम्मीसुद्धा उरली नव्हती. तिच्या उशाशी बसून मी सगळं सांगून टाकलं, उसात पळालो तेही. तिनं मान माझ्याकडं वळवली.

"येवढंच व्हय? आरं, मला वाटलं, तुला मीच नकोशी झाले."

"तसं न्हाई, अक्का."

"मग सांगायचं न्हाई का? मी काय परकी हाय?"

मी तिचा हात धरून बसून राहिलो.

तीन आठवड्यांनी ती गेली. दहाव्याच्या पंगतीत भाच्याच्या बायकोनं माझ्या ताटाशी वेगळी वाटी आणून ठेवली.

"मामा, ह्या आमटीत टोमॅटो न्हाई. सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं."

मी एक घास घेतला आणि ताटावर वाकूनच राहिलो, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.