पोळ्याच्या व्हिडिओतली पहिली जोडी

हे आत्ताच सांगून टाकतो. जालना स्टेशनच्या बाकड्यावर बसून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करून राह्यलो, गाडी लेट आहे, आणि एकदा मस्कतला पोचलो की हे सगळं मला किरकोळ वाटायला लागेल. मंग मी ते गोड करून सांगीन. मला माझी सवय माहीत आहे, कामच ते आहे माझं.

मी व्हिडिओ एडिटर आहे. चार वर्षं झाली मस्कतमधी. लग्नं, हॉटेलं, दुकानांच्या जाहिराती, जे येईल ते कापतो आणि जोडतो. आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीपासून जवळ. गावात माझा एक दोस्त आहे, पहिलीपासून एका बाकावर बसलेला. फाट्यावर त्याचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या घरी उर्दू बोलतात, आणि त्याचे अब्बा, ज्यांना मी चाचा म्हणतो, ते बैलांचा साज बनवतात. गोंडे, कपाळावर बांधायच्या माथोट्या, कासरे. पोळ्याच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या ओट्यावर रंगीत सुताचा ढीग असतो.

चार वर्षं आमचं असं चाललं होतं की गावातला हरेक सण दोस्त शूट करायचा, पोळा, गणपती, मोहरमच्या सवाऱ्या, जत्रा, आणि मला क्लिपा पाठवायचा. मी ड्युटीवरून आलो की त्या जोडायचो, म्युझिक टाकायचो, शेवटी त्याच्या स्टुडिओचं नाव टाकायचो आणि परत पाठवायचो. माझं नाव कुठंच नसायचं. मला नकोच होतं. खरं सांगतो, त्या क्लिपा म्हंजीच माझं गाव होतं. मागं कुणाची शेळी ओरडली, कुणाच्या दारचा पत्रा वाजला, तेवढ्यावरून मी ओळखायचो हा कोणता कोपरा. मस्कतमधल्या खोलीत बसून हेडफोन लावून मी आमची गल्ली ऐकायचो.

या साली मात्र सुट्टी बराबर पोळ्याला जमली. सुट्टी म्हणायला. लॅपटॉप संगं होताच, आणि तिकडल्या साहेबाला अत्तराच्या दुकानाची जाहिरात पोळ्याच्याच दिवशी पाहिजे होती.

आता ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी जल्दी सांगतो. आमच्याकडं पोळ्याला संध्याकाळी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळे बैल सजून उभे राहतात. पण पहिली जोडी मानाच्या घरची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय कुणाचाच बैल हलत न्हाई. आमच्या गावात हा मान एका घराकडं आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्याला सगळं गाव आबा म्हणतं. त्यांच्या पोरांनी शेती कधीच ट्रॅक्टरवर नेली, आबांनी ती एक जोडी फक्त तोरणासाठी ठेवली आहे. आणि दुसरं एक घर आहे, मोठं, नव्या खिल्लार जोडीचं, त्यांचं म्हणणं की मान निम्मा आमचा. दोन वर्षांमागं याच्यावरून तोरण दोन तास अडकल्तं. मला माहीत होतं, कारण तो व्हिडिओ पण मीच केल्ता, भांडण सगळं कापून.

तर पोळा फुटला, म्हंजी बैल तोरणाखालून सुटले, तेव्हा मी कुठं होतो? पत्र्याच्या खोलीत. अत्तराची बाटली स्लो मोशनमधी फिरवून राह्यलो होतो. ढोल ऐकू येत होता. माय दोनदा दारात येऊन म्हणली, "चार वर्सांनी आलास न पोळा बघाया, मंग बघ की." मी म्हणलो, पाच मिनिटं. भाईर आलो तर गल्लीत नुसती धूळ आणि शेणाचे पो. आमच्या घरी आता बैल न्हाईत, मातीच्या बैलांची पूजा झाली, पुरणपोळी खाल्ली, तेवढ्यात दोस्त कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आला. जल्दी बनव, सकाळी गावच्या ग्रुपवर टाकायचं, सगळे विचारून राह्यले, म्हणला आणि गेला.

आबांच्या जोडीची क्लिप उघडली. हललेली. बैल उभा, मंग कुणाचं तरी कोपर, मंग आभाळ. पुढची क्लिप खिल्लारांची. उन्हं उतरलेली, रंगवलेली शिंगं चमकून राह्यली, एक बैल सरळ कॅमेऱ्यात बघतो. आमच्या धंद्यात पहिले तीन सेकंद म्हंजी सगळं काही. तिथं माणूस थांबला न्हाई तर पुढचं कुणी बघत न्हाई. मी खिल्लार पहिले टाकले, ढोलाच्या ठोक्यावर. आबांची जोडी चौथी, दोन सेकंद. मान विसरलो असं न्हाई. तो डोक्यात आलाच न्हाई, मान आणि एडिटिंग वेगळ्या कप्प्यात होते. दोस्ताला फाइल पाठवली, त्यानं न बघता ग्रुपवर टाकली. त्याच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं, आणि चार वर्षांत त्यानं माझं काम कधी तपासलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी कर, म्हंजी सणानंतरचा दिवस. दहा वाजेपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या स्टेटसला. मोठ्या घरच्या पोरांनी पहिले तीन सेकंद तेवढे कापले आणि वर लिहिलं, मानाची पहिली जोडी.

मी हसलो. खरंच हसलो. म्हणलं लोक पण काय.

दुपारी दोस्ताच्या स्टुडिओत गेलो तर आबांचा थोरला मुलगा काउंटरला टेकून उभा होता. आवाज बिलकुल चढलेला न्हाई. तो विचारत होता, हे कुणाच्या सांगण्यावरून केलं. दोस्त म्हणत होता, कुणाच्याच न्हाई. थोरला म्हणला, "तुझ्या बापाच्या हातचा गोंडा आमच्या बैलाला असतो दरसाली. पुढल्या साली बघू मंग."

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा होतो, हातात चहाची पिशवी. मी केलं म्हणायचं सोडून मी कप शोधायला लागलो. थोरला माझ्या खांद्यावर थोपटून, कधी आलास, म्हणून निघून गेला.

दोस्तानं कॅमेऱ्याची लेन्स पुसायला घेतली. मंग म्हणला, "तू तो चला जाएगा यार. मेरे को यहींच रहना है."

घरी येऊन मी धडाधड दुसरा व्हिडिओ केला, आबांची जोडी पहिली, तिसऱ्याच्या कुणाच्या तरी क्लिपमधून ओढून काढलेली. जुना डिलीट करायला लावला, नवा टाकायला लावला. त्यानं अजून बिघडलं. मोठ्या घरचे म्हणायला लागले, घाबरून बदलला, म्हंजी पहिला खरा होता. आणि चारच्या सुमारास ग्रुपवर एक मेसेज पडला, आपल्या सणाचं शूटिंग आपल्याच माणसानं करावं. कुणी भांडलं न्हाई. नुसते खाली अंगठे पडत गेले. मी ते अंगठे उघडून नावं बघत बसलो. त्यातले निम्मे आमच्या वर्गातले होते. संध्याकाळी गणपती मंडळानं दोस्ताला कळवलं की यंदा शूटिंगचं थांब जरा.

मी बाबांना म्हणलो, उद्या मारुतीच्या पारावर गणपतीची बैठक आहे, तिथं सांगतो मी केलं म्हणून. बाबा चप्पल शिवत होते, वर न बघता म्हणले, "तू आठ दिवसाचा पाहुणा. आम्हाला इथं राह्यचंय." आमच्या शेताची वाट मोठ्या घरच्या बांधावरून जाते, आणि मी चूक कबूल केली की त्यांचा मानाचा दावा पडतो. म्हंजी तेच वाक्य, एकदा दोस्ताच्या तोंडून आणि एकदा बापाच्या, आणि दोस्ताला मी बोलायला पाहिजे, बापाला मी गप्प पाहिजे. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की जल्दी सुट्टी संपावी.

तरी गेलो. लॅपटॉप छातीशी धरून गेलो, शाळेत प्रगतिपुस्तक घेऊन जायचो तसा. पारावर पंचवीसेक माणसं, मोठ्या घरचे पण. बाबा एका कडेला, माझ्याकडं न बघता. दोस्त आणि चाचा पायरीच्या खाली उभे. मी म्हणलो, "व्हिडिओ मी जोडला. याला माहीत पण नव्हतं."

कुणी विश्वासच ठेवला न्हाई. हे मी धरलंच नव्हतं. थोरला म्हणला, "दोस्तासाठी अंगावर घेऊन राह्यला. याला काय, विमानात बसला की झालं." दोघं-चौघं हसले. आणि बराबरच होतं त्यांचं, चार वर्षांत माझं नाव एका तरी व्हिडिओवर होतं का?

मंग मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. उन्हानं काही दिसेना तर एकानं उपरणं वर धरलं. मी सगळं दाखवलं, कोणता तुकडा कुठून उचलला, आधी कुठं होता, मी कुठं नेऊन टाकला. लोक बघून राह्यले पण कळत कुणाला न्हाई. तेव्हा आबा म्हणले, माझ्या बैलाचं जेवढं आहे तेवढं सगळं लाव.

मी ती क्लिप पहिल्यांदाच पूर्ण बघितली. एडिट करताना मी दोन सेकंदांवर सोडून दिल्ती. बैल तोरणाखाली येऊन थांबतो. हलत न्हाई. मागून लोक ओरडतात, आबा त्याला मारत न्हाईत, नुसता पाठीवर हात ठेवून उभे राहतात. शिंगाला चाचाचा लाल-पिवळा गोंडा. बराच वेळ. मंग बैल आपसूक पाऊल टाकतो, आणि त्याच वेळी उजवीकडून निळ्या बाहीचं कोपर येतं, कॅमेरा आभाळात, आणि आवाज येतो, सरका, मागं सरका. आवाज थोरल्याचा. बाही पण तीच, तोच सदरा आज पण अंगात.

माणसं त्या बाहीकडं वळली. मंग मागून एक म्हातारा म्हणला, "आता या कोपराला विचारा, कुणाच्या सांगण्यावरून केलं." सगळा पार हसला. थोरला हसला न्हाई, त्यानं बाही वर सारली.

आबा म्हणले, परत लाव. लावलं. परत लाव. लावलं. तिसऱ्यांदा झाल्यावर माझ्याकडं वळले.

"हे काऊन काढलं रं?"

"हललं होतं आबा. खराब दिसत होतं."

"हललं तर हललं. गेलो तेव्हा असंच होतं ते. हाय तसं टाक."

मी तिथंच उभ्या-उभ्या टाकलं. पूर्ण, आभाळासकट, म्युझिक न्हाई. थोरल्यानं दोस्ताला सॉरी-बिरी म्हणलं न्हाई. जाताना एवढंच विचारलं, गणपती आणायला ट्रॅक्टर सकाळी निघतो, येतोस न शूटिंगला. दोस्तानं मान हलवली. चाचानं मात्र आबांच्या बैलाच्या गोंड्याचं सूत उसवलंय, पाठवून द्या, नीट करतो, म्हणलं आणि मला वाटतं त्या दिवशी खरा निकाल तिथं लागला.

मोठ्या घरचे चहा न पिता उठले. सकाळी आमच्या शेताच्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी होती. बाबांनी ती उचलून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी परत होती. परत उचलली. आज मी निघताना तिसरी फांदी उचलायला गेल्ते, म्हणून स्टँडवर सोडायला एकटी माय आल्ती.

दोस्त पण आला न्हाई. त्या दिवसापासून नीट बोलला न्हाई. माय मला राजूरच्या गणपतीला घेऊन गेली, तिथून त्याच्यासाठी पेढे आणले, ते त्यानं घेतले, चाचाला दिले, आणि काम आहे म्हणला.

आता हे लिहिता-लिहिता फोन वाजला. त्याच्या क्लिपा. गावच्या गणपतीच्या, अकरा. चार वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक क्लिपच्या नावात नंबर आहे, एक, दोन, तीन, जसं झालं तसं. खाली एकच ओळ, "पहले मेरे को दिखा, फिर ग्रुप पे डालेंगे."

गाडीची घोषणा झाली. मी अजून एक पण क्लिप उघडलेली न्हाई. तुमच्यासोबत असं झालंय का कधी, की काम तुमचं, चूक तुमची, आणि दुकानात उभं राहून ऐकून घेतलं दुसऱ्यानं? त्यानं परत तुमच्यावर काम सोडलं तेव्हा तुम्ही काय केलं?