चिंधी बांधलेली फुलं

दसरा होऊन आठवडा झाला की मी रस्त्याने लोकांच्या दारांकडे बघत चालते. सुकून तपकिरी पडलेली, एका बाजूने सुटलेली झेंडूची तोरणं अजून लटकत असतात, आणि रिक्षांच्या काचेवरच्या माळा धूळ खात असतात. मला प्रत्येक फुलापाशी थांबावंसं वाटतं. नवरा म्हणतो, या दिवसांत तुझ्याबरोबर बाहेर पडायची सोय नाही. खरंच नाही. एकदा कॉलेज रोडवर एका बंगल्याच्या फाटकापाशी मी इतका वेळ उभी राहिले, की आतल्या बाई बाहेर येऊन कोण पाहिजे म्हणून विचारू लागल्या. मला कोणीच नको होतं. त्यांच्या तोरणातलं डावीकडून तिसरं फूल हवं होतं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, नाशिकला मखमलाबादच्या रस्त्याला दीड एकरात भाजीपाला आणि फुलं करायचे. मेथी, कोथिंबीर, गिलकी जे काय असेल ते असायचं. पण दसऱ्याचा झेंडू दरवर्षी ठरलेला. आणि त्याचं बी घरचं. नव्वदीच्या शेवटी शेवटी आमच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी नर्सरीतून कलकत्ता झेंडूची रोपं आणायला सुरुवात केली होती. मोठाली, गोल गरगरीत फुलं, गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडेच वळायचं. माझे वडील, म्हणजे दादा, दरवर्षी जून आला की आबांपाशी तो विषय काढायचे आणि दरवर्षी तोंडघशी पडायचे. आबांचा झेंडू आकाराने बेताचा होता. पण रंग गडद नारिंगी, मधे विटकरी झाक, आणि तोडल्यावर पाच-सहा दिवस मान टाकायचा नाही. बाजारात व्यापारी टोपलीवरचं फडकं उचलायच्या आधीच वासावरून ओळखायचे, असं आबा सांगत. यातलं किती खरं होतं मला माहीत नाही.

बी धरायची त्यांची रीत होती. पहिल्या बहरात फुलं पुरती उमलली की ते सकाळी वाफ्यांतून हात मागे बांधून फिरायचे. एखाद्या झाडापाशी थांबायचे, पुढे जायचे, परत मागे यायचे. मग आजीच्या जुन्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी काढायची आणि त्या फुलाच्या खाली, फांदीला बांधायची. चिंधी बांधलेलं फूल म्हणजे बियाण्याचं. ते कुणी तोडायचं नाही, देवालासुद्धा नाही. ते झाडावरच वाळायचं, काळं पडायचं, आणि मग आबा ते स्वतः खुडून फडक्यात बांधून ठेवायचे. दुसऱ्या बहराचं बी ते धरत नसत. उतरत्या झाडाचं बी उतरतंच निघतं, असं त्यांचं म्हणणं.

मी लहान असताना त्यांच्या मागे मागे फिरायचे. एकदा मनगट पुढे केलं आणि म्हटलं, मला बांधा ना.

त्यांनी चिंधी हातात घेतली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी झाडाकडे बघावं तसं. "थांब की," ते म्हणाले. "आधी नीट फुलू दे. कीड लागती का काय, ते बघू. मग बांधू."

मी रडायला लागले. आजीने आबांना फैलावर घेतलं. पण पुढे कितीतरी वर्षं तो आमच्यातला खेळच झाला. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी मनगट पुढे केलं, त्यांनी मान हलवली. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हाही मान हलवली. अजून कळी हाय म्हणे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नवरात्रातल्या पाचव्या माळेला आबा सकाळी वाफ्यात उभे होते आणि उभे असतानाच त्यांच्या हातातलं विळा-फडकं गळून पडलं. ते उचलायला वाकले आणि उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. आदल्या दिवशी हा माणूस सायकलवर पोतं लादून गणेशवाडीच्या फुलबाजारात जाऊन आला होता. दादांनी टेम्पोत घालून त्यांना त्र्यंबक नाक्याजवळच्या एका दवाखान्यात नेलं. आजी तिथेच राहिली. आई घर आणि दवाखाना अशा खेपा घालायला लागली. आणि शेतात तोडणीला आलेली फुलं होती, ती कुणासाठी थांबणार नव्हती.

आठव्या माळेला मी म्हटलं, तोडणी मी बघते. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सगळे रडवेले होऊन फिरत होते आणि मला बसून राहणं जमत नाही, आजही जमत नाही. चार बाया बोलावल्या आणि उजाडायला वाफ्यात उतरले. टेम्पोवाला बांधावर येऊन उभा राहिला होता, दर दहा मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. टोपल्या भरत नव्हत्या. भराभर हात चालत होते, आणि जिथे तिथे त्या लाल चिंध्या मधे येत होत्या. सगळ्यांत भरलेली, सगळ्यांत देखणी फुलं नेमकी चिंधीचीच.

बायांपैकी एक आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून कामाला येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "ताई, चिंधीची राहू द्यायची ना?"

मला तिचा राग आला. खरं तर राग आबांचा आला होता. अशा वेळी आजारी पडल्याचा, दरवर्षी एका फुलापायी दादांशी भांडल्याचा, आणि काल मी पलंगापाशी बसले असताना माझ्याकडे बघून न ओळखल्यासारखं केल्याचा. मी म्हटलं, "सगळी तोडा. बी पुढच्या बहराचं धरू."

तिने स्वतः मात्र एकाही चिंधीला हात लावला नाही. ती फुलं मी तोडली.

टेम्पो गेला. मी वळून पाहिलं तेव्हा सगळ्या वाफ्यात हिरव्या बोडक्या झाडांवर तेवढ्या लाल चिंध्या हलत होत्या. मी बायांना चहा करते म्हणाले आणि घरात गेले.

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात गेले. आबा शुद्धीवर होते. मला ओळखलं, डाव्या हाताने जवळ बोलावलं. त्यांना शब्द फुटत नव्हते. एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा लागत होता. बराच वेळ ओठ हलवून ते म्हणाले, "चिंध्या?"

मी म्हटलं, "हायेत, आबा. सगळ्या जागेवर हायेत."

शब्दाला शब्द खरं होतं ते. एकही चिंधी जागची हलली नव्हती. इतकं चोख खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही. त्यांनी डोळे मिटले, चेहरा सैल पडला. आजीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, याच्यासाठीच जीव अडकला होता बघ.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आईने घराला तोरण लावण्यापुरती ठेवलेल्या टोपलीतून मी एक फूल घेतलं. आबांना दवाखान्यात दसरा वाटावा, एवढाच विचार होता. चांगलं बघून घेतलं. चांगलं बघून घेतलं, तिथेच चुकलं.

आजी न्हाणीकडे गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मी आपट्याची पानं त्यांच्या उशाशी ठेवली आणि फूल डाव्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं. देठाकडून पाहिलं. अंगठ्याने पाकळ्या बाजूला सारल्या, मधे बोट घातलं. हजारो फुलांतून ज्याच्यापाशी ते दोनदा मागे येऊन थांबले होते, ते फूल त्यांना ओळखू येणार नाही असं मला का वाटलं असेल? ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी पाया पडून मोकळी झाले असते.

मग त्यांनी फूल परत माझ्या हातात दिलं, आपल्या डाव्या हाताने माझी मूठ मिटवली, आणि म्हणाले, "वाळव."

मी बरं म्हटलं आणि आजी यायच्या आत तिथून निघाले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. दवाखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षावाल्यांनी रिक्षा धुऊन ओळीने लावल्या होत्या, हळदकुंकू, नारळ, माळा चालल्या होत्या. ते फूल मला हातात धरवत नव्हतं. ते घेऊन घरी जायचं, खिडकीत वाळत ठेवायचं, येता-जाता बघायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. मी पुढे झाले आणि एका रिक्षाच्या माळेत ते खोचून दिलं. रिक्षावाला खूश झाला. त्याने मला पेढा दिला, आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. पुन्हा झटका आला म्हणे. मी चहाचा थर्मास घेऊन पोचले तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

पुढचे दिवस घर माणसांनी भरून गेलं. मी कुणापाशी बसले नाही. संधी मिळाली की सायकल काढायची. त्या दवाखान्यापाशी रोज जायचे, रिक्षा बघायचे. रिक्षाचा नंबर पाहिला नव्हता, माणसाचा चेहरा आठवत नव्हता, फक्त पेढा आठवत होता. नाशिक रोडच्या स्टेशनाबाहेर जाऊन ओळीच्या ओळी बघितल्या. एका रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचंय. मी म्हटलं, कुठेच नाही. मग लोकांची दारं सुरू केली. आमच्या टोपल्या कुठे कुठे गेल्या असतील, देव जाणे. रविवार कारंजा, पंचवटी, गंगापूर रोड. जिथे विटकरी झाक दिसेल तिथे बेल वाजवायची आणि म्हणायचं, तुमचं सुकलेलं तोरण टाकणार असाल तर मला द्या, कॉलेजात लागतंय. बहुतेकांनी दिलं. काहींनी दार लावून घेतलं. शेतात दुसरा बहर आला होता, पण परतीच्या पावसात तो झाडावरच कुजला. दादांनी झाडं उपटून मेथी टाकली. चिंध्यांसकट.

उन्हाळ्यापर्यंत माझ्यापाशी पिशवीभर तोरणं जमली होती. जूनमध्ये दादा नर्सरीची रोपं आणायला निघाले, तेव्हा मी एक वाफा मागून घेतला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आबा गेल्यापासून ते कशालाच नाही म्हणत नसत.

उगवण बरी झाली. नवरात्रात फुलं आली. पिवळी आली, फिकट नारिंगी आली, एकेरी पाकळ्यांची आली, कलकत्त्याच्या पोटची मोठाली पण पोकळ आली. मी रोज सकाळी हात मागे बांधून वाफ्यातून फिरत होते. एक-दोन झाडांपाशी वाटलं, हे असेल. परत जाऊन बघितलं की वाटायचं, नाही. आबांना जे लांबून दिसायचं ते मला नाकाशी धरूनही दिसत नव्हतं.

तिथेच एका सकाळी आजी आली. शेतात येणं तिने सोडलं होतं. तिने वाफा बघितला, मला बघितलं आणि विचारलं, वरीसभर दारोदार काय हुडकत फिरतीस? मी तिला सगळं सांगितलं. तोडणी, जागेवरच्या चिंध्या, वाळव, रिक्षा, पेढा, काही ठेवलं नाही. मला वाटलं होतं ती हात उगारेल.

आजी बांधावर बसली.

"तू त्या दिवशी गेलीस ना," ती म्हणाली, "तवा मी आले तर माझ्या लुगड्याचा काठ धरून वढत व्हते. मला वाटलं, थंडी वाजती. पांघरूण घातलं तर ढकलून दिलं. मंग कळलं, फाडून मागत्यात. दवाखान्यात बसून चांगलं लुगडं फाडलं मी."

तिने कनवटीला हात घातला. तिथे एक चिंधी होती, घडी घालून घालून मऊ पडलेली, लाल काठाची.

"हातात धरून दाराकडं दावत व्हते. तू गेली त्या दाराकडं. रातभर मुठीत व्हती. सकाळी मीच सोडवून घेतली."

मी विचारलं, कशाला हवी होती? विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"फुलाला बांधायची व्हती का तुला, मला काय म्हाईत," आजी म्हणाली आणि चिंधी माझ्या हातावर ठेवून उठली.

त्यानंतर काही वर्षांत त्या रस्त्याला प्लॉट पडले, आमचं शेतही गेलं. आजी गेली. दादा आता गच्चीवर कुंड्यांत कलकत्ता लावतात आणि माझी वहिनी मागेल तेव्हा तिला फुलं तोडू देतात. मी मात्र अजून दसऱ्यानंतर दारं बघत फिरते. ते फूल मिळणार नाही हे मला कळतं. पंचवीस वर्षं कुठलं बी कुठे टिकतं? पण पाय थांबत नाहीत. चिंधी माझ्या पर्समध्ये आहे, आतल्या कप्प्यात. एक-दोनदा दारं लावून एकटीनेच ती मनगटावर ठेवून बघितली. एका हाताने गाठ मारता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला बांध म्हणायचं धाडस मला अजून झालेलं नाही.