दाटी झाली की करपा

वाशिम जिल्ह्यात माणसाला टमाट्याच्या रोपासारखं वागवणारा एकच गृहस्थ आहे, आणि सासऱ्यांच्या कृपेनं तो माझा थोरला साडू लागतो. शेलूबाजारजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे. "टमाट्यावर करपा कायनं येते? दाटीनं! पानाले पान लागलं का गेलं सारं वावर. मंग मानसाचं काय येगळं हाय?" हा त्यांचा सिद्धांत. दसऱ्याला सारं गाव सोनं देऊन एकमेकांच्या गळ्यात पडतं, तेव्हा आमचे साडू आपट्याची पानं माझ्या तळहातावर वरून सोडतात, पंगतीत मीठ वाढावं तशी. गच्च भरलेली जीप आली की हात जोडून तिला जाऊ देतात. सकाळी मंगरूळपीरला निघालेला हा माणूस दुपार कलली तरी फाट्यावरच उभा. एकदा मी पंगतीत खोकलो, तर माझं पान उचलून पार गोठ्यापाशी मांडलं. आग्रह मात्र सोडला नाही. लांबूनच ओरडत होते, "त्याईले जिलेबी वाढा रे!"

मुक्याचं तर नाव काढायची सोय नव्हती. "दुसऱ्याचं उष्टं खात नाई म्हन्तेत, अन् लेकराच्या तोंडाले आपलं उष्टं लावतेत!" मी हसायचो. पण त्यांच्या लेकीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. मूठभर जीव, महिनाभर काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, कुणाला मुका घेऊ देऊ नका. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. बारशाच्या दिवशी साडूंनी मळ्यातली सरी आखायची दोरी आणून पाळण्याभोवती दोन हात अंतरावर ताणली. बायकांनी दोरीबाहेरूनच अलाबला घ्यायची, आपल्या कानशिलावर बोटं मोडायची आणि घुगऱ्या घेऊन वाटेला लागायचं.

विहीणबाई आल्या त्या दोरी ओलांडूनच. ताप येऊन गेल्यामुळे त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात पुरळ उठलेली. साडू आडवे झाले.

"इहीनबाई, पोरीचे पाय पाहा. मुका नोका घेऊ."

"माह्या नातीचा मुका घ्याले तुमची परवानगी लागते काय?"

"मले शिव्या द्या पाह्यजे तं. पन ओठावर उठलं हाय तुमच्या. तुमाले चार दिवसाचं दुखनं, तिच्या जिवावर बेतन ना!"

विहीणबाई न जेवता परत गेल्या. लेक रडून रडून लाल. मीही म्हणालो, "साडभाऊ, अति करून राह्यले तुमी." दोरी जराशी सैल पडली होती, ती साडू ताणत बसले.

पुढे बायकोकडून कळलं, साऱ्या घरात एकट्या साडूंनीच पोरीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मळ्यातून आले की आंघोळ करायचे आणि दोरीबाहेर खुर्ची टाकून नुसते पाहत बसायचे. "जराशी धट होऊ द्या," म्हणायचे, "मंग घेतो मुका."

पोर धट झाली, दुडुदुडु पळायला लागली. विहीणबाईंचा रुसवाही गेला. साडूंचा मुका तेवढा आज-उद्यावर राहिला. आणि जावयाची बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी मीही मळ्यात होतो; गाडी निरोपाला तिथं थांबली, तर नेमकं साडूंना पडसं! नाकाला दुपट्टा बांधून ते टमाट्याच्या ओळींपलीकडे उभे. लेक म्हणाली, "बाबा, आता कायले भेता? घ्या ना एक पापा." त्यांनी मान हलवली. मग पोरीनं स्वतःच इवल्या मुठी कानशिलाला लावल्या. त्या वयात बोटं मोडतात कसली? तिनं तोंडानंच आवाज काढला, "कट्!" पलीकडून साडूंनीही बोटं मोडली, दहाच्या दहा.

गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "साडभाऊ, एक डाव घेतला असता तं काय झालं असतं हो?"

इतकी वर्षं मी या माणसाला हसलो. त्या वेळी मात्र मी त्यांचीच बाजू घेतली.

"करपा आला असता," मी म्हणालो.

"हो ना," म्हणत त्यांनी नाकावरचा दुपट्टा डोळ्यांवर घेतला. मला राहवेना. खांद्यावर हात ठेवावा म्हणून पुढं झालो, तर तोंड न फिरवताच त्यांनी हात वर केला.

"तिथंच राहा," ते म्हणाले. "पडसं हाय मले."