हुडकेश्वरच्या गॅरेजमधले चार टायर

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता नागपुरात हुडकेश्वरला माझ्या बहिणीच्या गॅरेजमधल्या गाडीच्या टायरवरची खडूची रेघ जिथे हवी होती तिथे नव्हती. आदल्या रविवारी ती मीच पहिल्यांदा ओढली होती, टायर जमिनीला टेकतो त्या जागी. आता ती चाकाच्या वरच्या बाजूला, जरा उजवीकडे कललेली होती.

गाडी मेहुण्यांची. दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, चारशे घोड्यांच्या ताकदीची. त्यांचा विजेच्या मोटारी गुंडाळायचा, रिवाइंडिंगचा कारखाना होता. गाडी त्यांनी जुनी घेतली, पण टायर नवे, बाजारात मिळाले त्यातले सगळ्यात चिकट, रस्ता धरून ठेवणारे. दोन हिवाळ्यांपूर्वी ते हृदयविकाराने दवाखान्यात वारले. गाडीचा त्याच्याशी संबंध नव्हता.

उभ्या गाडीच्या टायरांसाठी त्यांचे दोन नियम होते. दर रविवारी गाडी हातभर पुढे किंवा मागे ढकलायची, म्हणजे एकाच जागी भार येत नाही. आणि होळीपासून पावसापर्यंत गॅरेजमध्ये कूलर लावायचा, कारण नागपूरच्या उन्हात रबर मरतं. बहिणीने दोन्ही नियम चालू ठेवले होते. ढकलायला मी जात असे. कूलर ती लावत असे, दिवसरात्र, टाकीत बादलीने पाणी भरून. बंद शटरच्या आत ओल्या वाळ्याचा वास आणि थंड हवा असे, आणि समोर माणूस कोणी नसे.

"गाडी हलवली का कोणी?" मी विचारलं.

बहीण पाण्याची बादली खाली ठेवून म्हणाली, "दादा, तुले सांगू का? हसशील."

"नाही हसत."

"रविवारी पाच वाजता आवाज येते. सुरू होते, जाते. सहानंतर परत येते. ते असेच जात होते ना."

"उठून पाहिलं नाहीस?"

"काहून पाहू? पाहिलं आन् कोणी नसलं तर?"

मी बॉनेटला हात लावला. कोमट होतं. मे महिन्यात नागपुरात कोमट बॉनेट हा पुरावा होत नाही. मी चावी फिरवून किलोमीटरचा आकडा फोनमध्ये टिपला, गाडी ढकलली आणि नवी रेघ ओढली.

पुढच्या रविवारी रेघ पुन्हा भलतीकडे होती. आकडा अडतीसने वाढला होता. बहिणीला सांगितल्यावर तिने हातातली बादली कूलरच्या टाकीत ओतली. मग म्हणाली, "उमरेड रोडनं जाऊन परत आलं का अडतीसच होते. ते म्हणत, आज अडतीस झाले."

मागच्या टायरच्या खाचेत डांबराचा खडा अडकला होता. मी तो पेन्सिलीने काढला. पेन्सिलीचं टोक रबरावर घासलं तेव्हा पाटीवर घासल्यासारखा आवाज आला. चिकट रबराचा असा आवाज येत नाही. बहिणीला मी त्याबद्दल काही बोललो नाही.

तिसऱ्या शनिवारी मी तिच्याकडे मुक्कामाला गेलो. घरात आम्ही तिघं होतो: बहीण, मी आणि तिची मुलगी. माझी भाची तेवीस वर्षांची, धरमपेठेत नोकरी करणारी, सुटीच्या दिवशी नऊशिवाय न उठणारी, असं मी तरी समजत होतो.

पाचला तीन मिनिटं कमी असताना इंजिन सुरू झालं. मी उठलो. वाटेत बहिणीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती उताणी पडली होती, डोळे उघडे, दोन्ही हात पोटावर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली: जाऊ नको.

मी गॅरेजमध्ये पोहोचलो तेव्हा शटर वर होतं. गाडी नव्हती. कूलर रिकाम्या फरशीवर हवा फेकत होता. ओल्या फरशीवर चार कोरड्या जागा होत्या, तळहाताएवढ्या. मी पाहत असताना त्याही ओल्या झाल्या.

गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी परत आली. दार उघडून भाची उतरली. पायात वडिलांचे बूट होते, दोन मापं मोठे.

"मामा! तुम्ही इथं काहून उभे? जीव गेला ना माहा."

"तुझ्या आईले वाटते भाऊजी येऊन राहिले."

ती हसली. मग तिचं हसू थांबलं.

"तिले माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या रविवारी मी चावी लावली तर तिच्या खोलीतला लाइट लागला. मंग बंद झाला. मले वाटलं, जा म्हणते."

"किती वेळा नेली?"

"हा चौथा रविवार." बूट काढता काढता ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, एक सांगू? आज वळणावर मागून कोणी तरी ढकललं. आवाज नाही, काही नाही. गाडी आडवीच झाली. मंग सोडून दिलं. मले वाटलं, बाबाच."

सात वाजता स्वयंपाकघरात मी बहिणीला सांगितलं. भाची ओट्याला टेकून उभी होती.

"तूच?" बहिणीने विचारलं.

"हो."

"चारही रविवारी?"

"हो, आई."

बहिणीने चहाखालचा गॅस बंद केला. मग तिने वळणाचं विचारलं, कारण ते मी सांगितलं होतं. भाचीने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिने बाबांचं नाव घेतलं नाही.

सोमवारी सकाळी गाडी टायरच्या दुकानात नेली, ट्रकवर चढवून. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी मागच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं.

"पाहा साहेब. नख रुतत नाही. हे रबर नाही राहिलं, खापर झालं." टायरच्या भिंतीवरचे चार आकडे त्यांनी बोटाने दाखवले. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, शेवटचे दोन वर्ष. टायरांना आठवं वर्ष चालू होतं. "वरून नवे दिसते. खाचेच्या तळाशी पाहा, केसाएवढ्या चिरा. ठेवली कुठं होती गाडी?"

"कूलरसमोर," बहीण म्हणाली.

दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "माणसाले कूलर, टायरले नाही, ताई. सतत वारा आन् बाजूले मोटर. रबर लौकर म्हातारं होते. वरून काळंच दिसते."

मी नंतर टायर साठवण्याच्या छापील सूचना वाचल्या. वाहती हवा आणि विजेच्या मोटारी, दोन्हींपासून लांब ठेवा, असं त्यांत आहे. मेहुण्यांनी आयुष्यभर मोटारीच गुंडाळल्या होत्या.

"ढकलल्यासारखं वाटलं ते काय होतं?" भाचीने विचारलं.

"मागचे टायर रस्त्यावरून सुटले, पकड गेली, बेटा. कोरडा रस्ता होता म्हणून बसले परत. पंधरा दिवसांनी पाऊस लागल्यावर झालं असतं, तर तू आज दुकानात नसती."

त्यांनी तीन प्रकारचे टायर काढून उभे केले. पहिला मेहुण्यांचाच, जवळजवळ सपाट, शर्यतीच्या टायरांच्या घराण्यातला. दुसरा रस्त्यावरचा, पण मऊ, मधोमध खोल खाचा असलेला. तिसरा साधा, साठ हजार किलोमीटर चालणारा. तिसरा त्यांनी स्वतःच बाजूला ढकलला. "चारशे घोड्यांले ही चप्पल नाही पुरत."

भाचीने पहिल्यावर हात ठेवला. "बाबांनी हाच निवडला होता. नागपुरात तर रोड तापलेलाच राहते."

"डिसेंबरात सकाळी पाचले राहते का तापलेला?" दुकानदार म्हणाले. "हा गरम होईस्तोवर दगड, गरम झाला का डिंक. आन् पाण्यात नाव. तुह्या बाबांचे हात येगळे होते, पोरी."

सगळे बहिणीकडे पाहू लागले. पैसे ती देणार होती, आणि गाडी तिच्या नावावर होती. टायर न घेता गाडी विकणं हाही पर्याय तिच्यासमोर होता. रविवारी दुपारी मी तो सुचवला होता.

तिने पहिल्या टायरच्या कडेवरून हात फिरवला. मग दुकानदारांना विचारलं, "सुटायच्या आधी सांगते, असा कोणता आहे याच्यातला?"

"समजलो नाही."

"हिले मागून ढकललं तेव्हा आवाज नाही आला. सुटायच्या आधी आवाज करते, तो कोणता?"

दुकानदारांनी दुसऱ्या टायरवर हात मारला. "हा. हा पहिले ओरडते, मंग हळूहळू सोडते. तो पहिला तर शेवटपर्यंत धरून ठेवते आन् एकदम सोडते, न सांगता."

"न सांगता," बहीण म्हणाली. "हा द्या."

"आई, बाबा असते तर…"

"ते नाहीत," बहीण म्हणाली. मी तिथे असताना ती हे पहिल्यांदा म्हणाली.

चारही टायर एकाच आठवड्याचे आहेत का, हे तिने आकडे वाचून तपासून घेतलं. होते. जुने टायर दुकानदार हातगाड्यांसाठी विकतात. तिने ते तिथेच कापायला लावले आणि कापून होईपर्यंत उभी राहिली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी दुकानातून निघाली. भाची चालवत होती. बहीण तिच्या शेजारी बसली होती, खिडकीची काच पूर्ण खाली घेऊन.