समोरच्या घराचं वजन

ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते. कस्तुराबाईंचा राग त्याहून जास्त टिकतो.

बाळीवेशीजवळ त्यांचं घर आहे. मधला एक प्लॉट सोडून पलीकडे त्यांच्या धाकट्या जावेचं, मायाक्कांचं. दोघींचे नवरे गेलेले, दोघींचा धंदा कडक भाकऱ्यांचा. सासू वारली तेव्हा तिची पीठ मळायची काटवट कुणी ठेवायची यावरून बोलणं बंद झालं, ते केस पिकले तरी बंदच होतं. मधला प्लॉट विकला गेला आणि तिथे इमारत निघाली, जमिनीखाली दोन मजले पार्किंगची. तो खड्डा सांभाळायला कंपनीनं मला पाठवलं. मी माळशिरसकडचा. आमच्याकडे विहिरी पुष्कळ खणल्या, पण कुणाच्या भिंतीला चिकटून खणली नव्हती.

खड्ड्याच्या कडा आत ढासळू नयेत म्हणून त्यांना मागच्या जमिनीत तिरक्या लोखंडी सळ्या रुतवून धरता येतं. पण मागची जमीन म्हणजे या दोघींची घरं. परवानगी मागायला गेलो तर कस्तुराबाई म्हणाल्या, "माझ्या चुलीखाली खिळं ठोकणार? तुमच्या आईला इचारा आदी." मायाक्कांनी तर दारच लावलं.

मग एकच उपाय उरला. दोन्ही कडांना लोखंडी खांबांच्या भिंती उभ्या केल्या आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत मधोमध जाड पाईप आडवे बसवले. इकडची माती ढकलते, तिकडचीही ढकलते, पाईप दोघींना थोपवून धरतो. हे कस्तुराबाईंना समजावं म्हणून मी दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. तिथेच चुकलो.

"म्हंजे माझं घर तिच्या घराला टेकलंय?"

"तसं नाही मावशी, माती..."

"आन ती घर सोडून गेली, मग?"

"घरात माणूस असलं-नसलं तरी काही फरक पडत नाही. मातीचा भार असतो."

"माती कुटं जातीय? माणूस जातंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी समोरच्या घराचं वजन राखायला घेतलं. आपलं गिऱ्हाईक त्या स्वतःहून पलीकडे पाठवू लागल्या, म्हणजे तिकडे पिठाची पोती येतील. संध्याकाळी आमच्या निंगप्पाच्या, म्हणजे वेल्डरच्या हाती शेंगाचटणी आणि दाळीचा डबा जाऊ लागला. "कुणी दिलं सांगू नगंस. खाऊन जरा अंग धरू दे तिला." मायाक्का मुळात काटकुळ्या. डबा कुणाचा हे त्यांना पहिल्या घासाला कळलं असणार, पण त्यांनीही विचारलं नाही.

खड्डा पूर्ण खोल झाला आणि बार्शीहून फोन आला. मायाक्कांच्या लेकीला, ऋतुजाला, वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मायाक्का पिशवी घेऊन दाराबाहेर पडल्या. इकडून कस्तुराबाई धावत खड्ड्याच्या कठड्यापाशी आल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्या.

"ए धाकटे! घर टाकून कुटं निघालीस?"

मायाक्का थबकल्या. "लेकीचं बाळंतपण तुमी करता का जाऊबाई?"

"तिला हितं आण की!"

"कळा सुरू झाल्यात तिला! हितं आणून तुमच्या खड्ड्यात बाळंत करू?"

कस्तुराबाईंनी कठड्यावरून हात पुढे केला. मग म्हणाल्या, "किल्ली दे."

मायाक्कांनी किल्ली कठड्यावरून भिरकावली. बस चुकेल म्हणून दिली, की आणखी कशासाठी, मला आजही सांगता येणार नाही.

तासाभरात कस्तुराबाईंनी आमच्याच मजुरांकडून आपली ज्वारीची पोती पलीकडे नेऊन ठेवली. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. त्या स्वतः तिकडे मुक्कामाला गेल्या आणि मायाक्कांच्या चुलीवर भाकऱ्या भाजू लागल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की आता आपलं घर रिकामं आहे.

"सायेब, तुमी बसा माझ्या घरात."

"मावशी, मला साइट बघायचीय."

"खिडकीतनं दिसती की. त्या तांबे सायबाला बी बोलवा, त्यो लई जड हाय."

तळाचा स्लॅब घालताना मी त्यांच्या खिडकीत बसून फोनवरून सूचना देत होतो. शेजारी तांबेसाहेब, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, भाकरी मोडून खात होते. ते मजुरांची डोकी मोजायला आले होते, जेवायला राहिले. अभियांत्रिकीच्या कुठल्याच परीक्षेत हे आलं नव्हतं.

वरचाही स्लॅब झाला, पक्का झाला. आता कडांना तोच धरणार होता. पाईप काढायचे म्हटल्यावर कस्तुराबाई आडव्या आल्या. "ती येस्तवर एक बी हलवायचा न्हाय." तांबेसाहेबांनी शेवटचा पाईप ठेवला.

मायाक्का आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन, पण पुडा हातातच राहिला.

"माझी चूल कुणाला इचारून पेटवली?"

"तुझं घर हलकं झालं हुतं."

"हलकं? आन ह्या काय भाकऱ्या म्हनायच्या? माझ्या गिऱ्हाइकाला ह्या दिल्या तुमी? ढेकळं हायत ढेकळं!"

"तुज्या चुलीला जाळच धड न्हाय! धूर नुसता!"

गल्ली गोळा झाली. एवढ्यात निंगप्पानं शेवटच्या पाईपचा जॅक सैल केला आणि क्रेननं पाईप उचलून नेला. त्या दोघी सासूच्या आजारपणापर्यंत पोचल्या होत्या.

बऱ्याच वेळानं कस्तुराबाई दम घ्यायला थांबल्या. "सायेब, काढा की आता पाईप. आली ही."

"काढला मावशी."

"कवा?"

"तुम्ही भांडत होता तेव्हा."

त्यांनी पलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. ते जिथल्या तिथे होतं. मग त्या जावेकडे वळल्या.

"मग गप का बसलीस? बोल की."