आदगोंडाअण्णांचा सत्कार आणि अक्कांची गिरणी

सांगलीजवळच्या आमच्या गावात आदगोंडाअण्णांच्या छतावर सोलर बसलं आणि त्या दिवसापासून अख्ख्या महाराष्ट्राची वीज आपल्याच खांद्यावर आहे अशा थाटात अण्णा चालू लागले. ढग आला की चेहरा सुतकी. घरात वापरून उरलेली वीज तारेत जाते हे कळल्यावर त्यांनी घरातला वापरच बंद करायचं मनावर घेतलं. दुपारी पंखा लावायचा नाही आणि फ्रिजकडे डोळे वटारून बघायचं.

आड येत होती ती त्यांच्या बायकोची, गुणमालाअक्कांची, पिठाची गिरणी. आमची गल्ली जैनांची. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून दळण, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं भर दुपारी चालतं. अक्कांनी म्हशीच्या दुधाच्या पैशांवर ही गिरणी घेतली होती. गुडघे धरल्यापासून दळायला आलेल्या बायांच्या गप्पा हेच त्यांचं जग उरलं होतं. अण्णांनी नेमकी तीच विकायला काढली, गिऱ्हाईकही ठरवलं.

"माझी वीज खाती ती," अण्णा म्हणाले.

"आणि तुमी खाताय ती भाकरी?" अक्कांनी विचारलं.

त्या दिवशी अक्का न जेवताच उठल्या आणि सूर्य मावळला. मला अण्णांचा खरंच राग आला होता. पण नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्यानं पडू नये म्हणतात, म्हणून गप्प बसलो.

एव्हाना अण्णांचं बघून गल्लीतल्या बहुतेक घरांवर सोलर आलं होतं. गंमत अशी की पलीकडच्या वाडीत ऐन उन्हात सोलर वरचेवर बंद पडायचं, आमच्याकडे मात्र कधीच नाही. ही किमया आपलीच, असं अण्णा सांगत सुटले. शेवटी तरुण मंडळाला 'सौरवीर' म्हणून त्यांचा सत्कार करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

किमया कसली? सोलर बसवताना माण तालुक्याकडचा वायरमन जयराज म्हणाला होता, "अण्णा, ह्यात एक सेटिंग हाय. तारंतला दाब, म्हंजे व्होल्टेज, चढला की मशीन जरा कमी वीज सोडतंय आन् दाब आवरतंय. चालू ठिवू का?"

"कमी? का म्हणून कमी?" अण्णांनी सेटिंग बंद ठेवायला लावलं. गल्लीनंही त्यांचाच कित्ता गिरवला.

सत्कार भर दुपारी ठेवला, कारण अण्णांना ऊन हवं होतं. मंडपात मोठा टीव्ही लावून त्यावर छतावरच्या विजेचा आकडा दाखवायचा होता. रिकाम्या खुर्च्यांची धास्ती म्हणून अण्णा स्वतः घरोघर फिरले. बायकांनी कामं टाकून, घराला कुलूप लावून यायचं, असा हुकूमच होता. गिरणीचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन कार्यक्रम संपायची वाट बघत मंडपाबाहेर उभं होतं.

अण्णांच्या खांद्यावर शाल पडली. त्यांनी माईक धरला. "ग्रिड म्हणजे काय? देशभरच्या तारांचं जाळं. ते जाळं आज आमी तोलून धरलंय," असं ते म्हणाले आणि त्यांच्या पाठीमागे आकडा शून्यावर आला. मागोमाग शेजाऱ्यांचे मोबाईल वाजू लागले. सगळ्यांचीच छतं झोपली होती.

"वीज कंपनीचं कारस्थान हाय," अण्णा म्हणाले.

जयराज मागच्या रांगेतून उठला. "कारस्थान कसलं, आवं? ऊन लय आन् वापर काईच न्हाई. समदी वीज एकदम तारंत गेली, दाब चढला, मशिनी आपला जीव वाचवाय बंद पडल्या. रोज ह्या टायमाला बाया दळत्यात, मोटरी लावत्यात, म्हणून दाब जाग्यावर ऱ्हातोय. सांच्याला समदा मुलूख एकदम बटणं दाबतोय, तवा तुमची गल्ली जेवून बसल्याली अस्ती. त्योबी ग्रिडला टेकूच की. आज बाया हितं बसल्यात."

मंडपात कोणी हसलं नाही, ते फक्त शालीकडे बघून. तेलही गेलं, तूपही गेलं, अण्णांच्या हाती माईक तेवढा राहिला. त्यांनी तो चालू आहे हे विसरून म्हटलं, "गुणमाला, जरा घरी जाऊन दळण टाक की."

अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "गिरणी तर इकलीसा न्हवं?"

अण्णांनी आकड्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या टेम्पोकडे. "न्हाई इकायची," ते म्हणाले. सगळ्या गावानं ते भोंग्यावरून ऐकलं.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांच्यामागे सगळ्या बाया उठल्या आणि सत्कार रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकला. थोड्या वेळानं घरोघरी दळण, मोटरी सुरू झाल्या आणि आकडा चढू लागला. जयराजनं त्याच दिवशी घरोघरी ते सेटिंगही चालू करून दिलं.

सौरवीराची ती शाल आता अक्कांच्या स्वयंपाकघरात असते. दळण झालं की त्या गिरणी पुसतात आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर ती घालतात.